बसूला वगळून

दिबांगला जायचं खूळ मुळात बसूचं. अरुणाचलच्या पार वरच्या टोकाला दिबांग नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात अनिनी नावाचं चिमुकलं गाव आहे आणि त्या गावाच्याही पुढं रस्ता जातो, हे बसवराज हत्तरगीनं शाळेत असताना भिंतीवरच्या नकाशात पाहिलं होतं. भूगोलाच्या तासाला त्याचं गुरुजींकडं लक्ष नसायचं, पण नकाशाकडं असायचं. पुढं आयुष्यभर तो संकेश्वरजवळ उसाची रोपं तयार करून विकत राहिला. मोटारसायकलवाल्या मित्रांच्या गटाबरोबर गोवा झाला, हंपी झाली, राजस्थान झालं. दर दौऱ्याच्या शेवटी चहा पिताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "हे सगळं ठीक हाय, पण अनिनी कधी?"

शेवटी अनिनी ठरलं. आणि बसूच्या अनिनीतून बसूलाच वगळायचं काम त्याचा सख्खा मित्र जयवंत माळगे यानं एका दुपारी, पंख्याखाली बसून, उरकलं.

जयवंत हुपरीचा. चांदीचे पैंजण करण्याचा त्याचा धंदा. पैंजणाच्या बारीक कड्या झाळून जोडताना हात जेवढा स्थिर लागतो तेवढंच दौरा आखताना डोकं स्थिर लागतं, असं तो म्हणायचा, आणि ते ऐकून ऐकून गटातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. पण खोटं नव्हतं ते. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुणाच्या गाडीची बॅटरी कुठं दम तोडेल, हे सगळं जयवंतनं आखायचं आणि बाकीच्यांनी बिनघोर गाडीवर बसायचं, अशी वाटणी झाली होती. मोटारसायकली एव्हाना सगळ्यांच्याच विजेवर आल्या होत्या. पेट्रोलची गाडी रस्त्यावर दिसायची, पण लग्नात घोडा दिसतो तेवढीच.

जुलैतल्या एका रविवारी बसूच्या रोपवाटिकेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली बैठक बसली. उकडलेल्या शेंगांचं पातेलं मध्ये, भोवती गट, आणि फळ्यापाशी खडू घेऊन जयवंत. गुवाहाटीपर्यंत गाड्या रेल्वेनं, तिथून पुढं चालवत, रोइंग गावात दोन मुक्काम, मग मायोदियाची खिंड, मग दिबांगचं खोरं. तो भराभरा लिहीत गेला.

"काका, अक्षर जरा मोठं काढा की," प्राजक्ता म्हणाली. ही गटातली सगळ्यात लहान, कागलच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. "फळ्यावर मुंग्या चालल्यात असं वाटालंय."

"फळा लहान आहे," जयवंत म्हणाला. "रस्ता मोठा आहे. मग काय करणार?"

सगळे हसले. कुणीतरी विचारलं, "मायोदियात गाड्या बदलायच्या ना?"

"इचारायचं काय त्यात?" बसू म्हणाला.

हा गटाचा जुना रिवाज. फार पूर्वी जयवंत आणि बसू एका घाटात शर्यत लावून एकाच खड्ड्यात पडले होते. तेव्हापासून असं ठरलं, की दौऱ्यातला सगळ्यात अवघड घाट आला की पायथ्याला थांबायचं आणि जोडीदाराची गाडी घ्यायची. दुसऱ्याची गाडी माणूस जपून चालवतो, आणि आपली गाडी दुसऱ्याकडं आहे म्हटल्यावर आरशात बघत त्यालाही जपतो. जयवंतचा जोडीदार बसू, हे सांगायलाच नको. आता हा रिवाज इतका अंगवळणी पडला होता, की किल्ल्या न बोलता बदलल्या जायच्या आणि घाट संपला की न बोलता परत यायच्या. देवळात शिरताना चपला काढल्या की नाही, हे कुणी नंतर आठवत बसतं का? तसंच होतं ते.

आखणीसाठी जयवंतनं त्या वर्षी 'वाटाड्या' घेतला होता. पुण्यातल्या काही पोरांनी केलेली ती संगणकप्रणाली मोठमोठ्या दौऱ्यांसाठी सर्रास वापरली जात होती. तिची करामत साधी होती आणि थोडी भीतीदायकही. नव्या गाड्यांच्या मुठींमध्ये दाब ओळखणारा एक पातळ पापुद्रा असतो. चालक मूठ किती आवळतो, ब्रेक दाबायला त्याला किती वेळ लागतो, घाबरला की हात कसा वागतो, हे सगळं तो टिपत राहतो. पूर्वी इंजिनच्या थरथरीत हाताची थरथर बुडून जायची. विजेच्या मोटारीला थरथर जवळजवळ नाहीच, त्यामुळं उरते ती माणसाची. या टिपणांवरून वाटाड्या प्रत्येक चालकाचा एक 'जुळा' घडवतो, म्हणजे संगणकातला तसाच चालणारा, तसाच चुकणारा माणूस. मग या जुळ्यांना तो ठरलेल्या रस्त्यावर सोडतो. कधी पाऊस लावतो, कधी दरड पाडतो, कधी धुकं आणतो, आणि हजारो वेळा तोच दौरा करून बघतो. माणसांनी घर सोडण्याआधीच दौरा कुठं फसणार ते कळतं.

जुळा घडवायला वाटाड्याला सपाट रस्त्यावरची टिपणं नको असतात. तिथं सगळेच शहाण्यासारखे चालवतात. त्याला हवी असते प्रत्येकाची सगळ्यात कठीण चाल. जयवंतनं त्याला आदल्या पावसाळ्यातला चोर्ल्याचा घाट दिला. धो धो पावसात, धुक्यात, चिखलात उतरलेला घाट. ज्या गाडीच्या मुठी, त्या गाडीच्या मालकाच्या नावानं जुळे घडत गेले.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी निकाल आला. सुरुवातीला जयवंतला मजा वाटली. त्याचा स्वतःचा जुळा सगळ्यात सफाईनं घाट उतरत होता. त्यानं बायकोला, मालनला, हाक मारून ते दाखवलं. "बघ, या वयात!" मालन "बरं बरं" म्हणून गेली. मग त्यानं पुढं वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

दौरा फसत होता. दर वेळी नाही, पण पुष्कळदा, आणि जवळजवळ दर वेळी एकाच माणसापाशी. मायोदियाच्या ओल्या उतारावर बसूचा जुळा ब्रेकला उशीर करायचा आणि घसरायचा. मग गट थांबायचा, मागं फिरायचा. खाली वाटाड्यानं लिहिलं होतं, की या चालकाच्या उजव्या हातात एक ठरावीक लयीचं सूक्ष्म कंपन आहे, ते थंडीचं किंवा भीतीचं वाटत नाही, कंपवाताच्या सुरुवातीची दाट शक्यता आहे, मज्जातंतूंच्या डॉक्टरांना लवकर दाखवावं.

त्याखाली दोन खुणा होत्या. एक 'वगळा'. दुसरी 'बदल सुचवा'.

जयवंतनं 'वगळा' दाबलं. वाटाड्यानं पुन्हा हजारो दौरे केले, आणि उरलेला गट सुखरूप अनिनीला पोचला.

त्या संध्याकाळी त्यानं कंपवाताबद्दल जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी बिघडते. बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही बिघडवतं, आणि असं करत करत हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात. डोळ्यांना थरथर दिसायला लागते तेव्हा निम्म्याहून जास्त खेळ आटोपलेला असतो. त्याआधी काही वर्षं बारीकसारीक खुणा दिसतात. वास कळेनासा होतो, झोप बिघडते, अक्षर लहान होत जातं. आता यावर एक सुई निघाली होती, दर महिन्याला घ्यायची. ती प्रथिनाचं हे बिघडणं थोपवून धरायची. मेलेल्या पेशी काही परत यायच्या नाहीत, पण उरलेल्या वाचायच्या. म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं. सगळीकडं हेच वाक्य होतं.

हे वाचूनही जयवंत बसूला काही बोलला नाही. स्वतःला त्यानं सांगितलं, की आत्ताच सांगून त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा, दौऱ्याहून आल्यावर निवांत सांगू. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. बसूला आजार आहे म्हटलं असतं, तर गटानं दौराच रद्द केला असता. आणि इतका देखणा आखलेला दौरा जयवंतला सोडवत नव्हता.

पुढच्या रविवारी शेडमध्ये, सगळे जायला निघाल्यावर, त्यानं बसूला थांबवलं. "एक घोळ झालाय," तो म्हणाला. बसूची गाडी मूळची पेट्रोलची, नंतर विजेवर केलेली, मुठी तेवढ्या नव्या बसवलेल्या. "त्या भागाच्या परवान्यात अशा बदललेल्या गाड्या चालत नाहीत म्हणे."

बसूनं दाराबाहेरच्या आपल्या गाडीकडं बघितलं. "मग दुसरी घेतो की कुणाची."

"नवी गाडी हातात बसायला वर्ष लागतं, बसू. आणि वाटाड्याला तिच्यावरची टिपणं लागतात. आता कुठून आणायची?"

एका खोट्याला दुसरं खोटं लागलं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. बसूनं मान डोलावली. पातेल्यातल्या उरलेल्या शेंगा कागदात बांधून त्यानं जयवंतच्या हातात दिल्या. "वैनीला दे," म्हणाला.

बसूनं आदळआपट केली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर जयवंतला बरं वाटलं असतं. बसूनं तसलं काही केलं नाही. तो दर रविवारी शेडचं दार उघडायचा, चहा ठेवायचा आणि आपण जाणार नसलेल्या दौऱ्याच्या तयारीला लागायचा. पंक्चरचं सामान त्यानं गोळा केलं. मुक्कामाला बॅटऱ्या भरायचं सौरकापड वाऱ्यानं फडफडू नये म्हणून त्याला कडेनं शिसं शिवलं. फळ्यावरच्या अनिनीकडं तो बघायचा तेव्हा जयवंत दुसरीकडं बघायचा.

जयवंतनं त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. मित्राकडं पोलिसासारखं बघायचं, आणि मग त्याच्याच हातचा चहा प्यायचा, हे त्याचं त्यालाच घाण वाटायचं. बसू किल्ली कशी फिरवतो, पायरी कशी उतरतो. एकदा त्यानं बसूला मुद्दाम सही करायला लावली, अक्षर बघायला. बसूचं अक्षर होतं तसंच होतं, बैलगाडीएवढं. एकदा रोपांच्या ट्रेजवळ उभं राहून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसला वास येतोय रे?"

बसूनं नाक वर केलं. "कोकोपीट कुजलंय त्या कडेच्या ट्रेमधलं. नाक धरायची पाळी आलीया. तुला येत न्हाई व्हय?"

"येतोय की," जयवंत म्हणाला. त्याला काहीच येत नव्हता. सर्दी असेल, त्याला वाटलं, आणि तो विचार तिथंच राहिला. त्याचं लक्ष बसूच्या नाकावर होतं. बसूला वास कळतो म्हणजे आजार अगदी सुरुवातीला आहे. म्हणजे सुई आत्ताच घेतली तर सगळ्यात जास्त फायदा. म्हणजे गप्प बसण्याचा एकेक दिवस बसूच्या हातातून जात होता, आणि तो जयवंत घालवत होता.

झोप उडाली. जेवणात लक्ष लागेना. एका सकाळी तो स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून होता आणि दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं झालं. मालन मागच्या दारानं धावत आली. "अहो, जळका वास पार अंगणात आलाय. तुमच्या नाकाला काय झालंय?"

"डोकं ठिकाणावर नाही माझं," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

कारखान्यातही तेच. पैंजणाच्या फाशाला, म्हणजे अडकवायच्या आकड्याला, झाळ लावताना ती ओघळायला लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा फासा बिघडला. कारागीर गुपचूप ते बाजूला काढून पुन्हा करायचे. जयवंतला कळायचं आणि तो मनात म्हणायचा, बरोबर आहे, पाप केलं की हात थरथरणारच. मन खात होतं, आणि जे काही बिघडेल ते त्या मनाच्या खाती टाकायची त्याला सवय लागली.

नोव्हेंबर सरता सरता थंडी पडली. फेब्रुवारीत निघायचं होतं. एका रविवारी बैठक उठल्यावर बसूनं त्याला आत बोलावलं आणि एक पुडकं पुढं केलं. आत हातमोजे होते. नवे नव्हते, बसूचेच जुने कातडी हातमोजे, पण आतून मऊ लोकर शिवलेली, टाके दाट आणि सरळ.

"मायोदियात थंडी लई असती म्हणं," बसू म्हणाला. "तुझ्या हाताला बाधती. परवा चहा घेताना कपबशी वाजत हुती तुझी. माझं तर जाणं न्हाई, हातमोजे तरी जाऊ देत अनिनीला."

जयवंतनं पुडकं घेतलं. ते गाडीच्या पेटीत ठेवून तो घराकडं निघाला. सबंध वाटभर त्याला ते टाके दिसत राहिले. आजारी माणसानं आपल्या निकामी होत चाललेल्या हातांनी शिवलेले टाके, आणि ते कुणासाठी, तर आपल्यासाठी. त्याला रडू आलं. गाडी बाजूला घेऊन तो उसाच्या बांधावर बसला आणि मोठ्यानं रडला. मग ठरवलं, बास झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत तो रोपवाटिकेत हजर झाला. बसू शेडबाहेर बसून ट्रे भरत होता. एकेका खळग्यात उसाचा डोळा ठेवायचा, वर मूठभर कोकोपीट, आणि अंगठ्यानं दाबायचं.

"बसू, तुझ्या गाडीचं कारण खोटं होतं."

बसूचा अंगठा थांबला नाही. "म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"प्राजक्तानं परवान्याचे नियम वाचून दावले मला. कवाच. गाडीचं त्यात काय बी न्हाई. म्हटलं, जयवंताला मी नको असंन तर कायतरी कारण असंल. सांगंल त्याच्या सवडीनं."

हे जयवंतला सगळ्यात जास्त लागलं. खोटं माहीत असून या माणसानं चहा पाजला होता, शिसं शिवलं होतं, हातमोजे दिले होते. मग त्यानं काही राखून ठेवलं नाही. वाटाड्या, जुळा, हाताचं कंपन, सुई, आपण दाबलेली खूण, सगळं सांगितलं. दौरा बुडू नये म्हणून गप्प बसलो, हेही सांगितलं. बोलताना त्यानं बसूकडं बघितलं नाही, ट्रेकडं बघितलं.

बसू उठला. त्याचा चेहरा जयवंतनं असा कधी पाहिला नव्हता.

"पावसाळ्यापासनं?" तो म्हणाला. "माझ्या हाताची गोष्ट, आणि मला सोडून तुला ठावं? मर्दा, दौऱ्यातनं काढलंस ते जाऊ दे खड्ड्यात. अनिनी काय पळून जात न्हाई. पण चार म्हयनं? त्या सुया म्हणं लवकर घ्याव्या लागत्यात, हे तूच सांगालाईस, आणि चार म्हयनं तू माझ्या शेडात चहा पीत बसलास?"

"चुकलं," जयवंत म्हणाला. "माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

"न्हाईच हाय."

बसूनं आपले दोन्ही हात उन्हात धरले आणि बघत राहिला. मग शेजारच्या ट्रेमधून एक कोंब फुटलेलं रोप त्यानं दोन बोटांत उचललं. ते पातं लांब धरून त्याच्या टोकाकडं बघितलं. टोक हललं नाही. त्यानं रोप उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, परत उजव्यात घेतलं.

"कुठल्या घाटातली टिपणं म्हणालास?"

"चोर्ल्याच्या. मागच्या पावसाळ्यातल्या."

बसूनं रोप हळूच खळग्यात परत ठेवलं. त्याच्या आवाजातला राग गेला होता, आणि ते जास्त वाईट वाटलं.

"चोर्ल्यात माझी गाडी माझ्याकडं हुती काय रं?"

जयवंतला आधी प्रश्नच कळला नाही. मग पायथ्याची टपरी आठवली. पाऊस. ओल्या रुमालात गुंडाळलेली बसूची किल्ली, आणि ती घेतलेला आपला हात. न बोलता. नेहमीसारखी.

क्षणभर त्याला बरं वाटलं. बसूला काही नाही, बसू ठणठणीत आहे. हे बरं वाटणं खरं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस त्याला त्या एका क्षणाचाच आधार वाटत राहिला. पण तो टिकला नाही. मागोमाग बाकीचं सगळं ओळीनं आलं. फळ्यावरच्या मुंग्या. कुजलेला ट्रे. करपलेलं दूध. ओघळलेली झाळ. वाजणारी कपबशी. घाटात सफाईनं उतरणारा तो देखणा जुळा, जो बायकोला बोलावून दाखवला, तो बसू होता.

त्यानं उजवा हात गुडघ्यावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच घासले जात होते, त्यानं न सांगता.

त्या निकालाबद्दल त्यानं गटातल्या एकाला जरी सांगितलं असतं, अगदी हसत, अगदी चोरून, तरी ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथं म्हटलं असतं, अरे पण चोर्ल्यात गाड्या बदलल्या होत्या ना? प्राजक्ता म्हणाली असती. बसू तर नक्कीच म्हणाला असता. चूक एका वाक्यानं सुटणारी होती. पण ते वाक्य म्हणायला दुसरं माणूस लागत होतं, आणि जयवंतनं दुसऱ्या माणसाला जवळ येऊच दिलं नव्हतं. चार महिने गेले ते त्याचेच गेले होते. पण ते घालवताना ते बसूचे आहेत असं समजून त्यानं घालवले होते, आणि यातून त्याची सुटका नव्हती.

"बस," बसू म्हणाला. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि जयवंत तो दोन्ही हातांनी धरून पाणी प्याला. पलीकडं कामावरच्या बायका रोपांवर पाणी मारत होत्या, त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"एक सांग," बसूनं विचारलं. "वगळायचं सोडून दुसरं काय करता आलं असतं, हे त्या यंत्राला इचारलंस?"

जयवंतनं मान हलवली. नाही.

"मग आता इचार."

जयवंतनं फोन काढला. तो जुना निकाल उघडला. बसूच्या नावावर होता, तो त्यानं स्वतःच्या नावावर केला. मग त्या दोन खुणांपैकी दुसरी दाबली, 'बदल सुचवा'. बोट पहिल्यांदा बाजूलाच पडलं, पुन्हा दाबावं लागलं.

वाटाड्याला वेळ लागला नाही. या चालकाला खिंडीत आणि ओल्या उतारांवर जोडीदाराच्या मागं बसवावं. त्याची गाडी गटाच्या सामानाच्या वाहनातून न्यावी. रोइंगला एक मुक्काम वाढवावा. सपाटीवर त्यानं स्वतः चालवायला हरकत नाही. असं केल्यास संपूर्ण गट अनिनीला पोचतो.

त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"हे तवा बी तिथंच हुतं?" बसूनं विचारलं.

"होतं."

"माझ्यासाठी हुतं."

"हो."

"आणि तू बघितलं न्हाईस."

"नाही बघितलं, बसू."

बसूनं टाकीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, अगदी सावकाश. शेडमधून दोन हेल्मेटं आणली आणि एक जयवंतपुढं धरलं. "ऊठ. कोल्हापूरला जाऊ. डॉक्टर तरी आजच गाठायचा."

"मी माझ्या गाडीनं येतो मागून."

"मागं बस म्हटलं."

जयवंतनं हेल्मेट घेतलं. विचारावं की नाही, असं त्याला वाटलं, आणि तरी त्यानं विचारलं. "आता मला काढणार का दौऱ्यातून?"

"आधी डॉक्टर," बसू म्हणाला. "अनिनीचं मी अजून ठरवलं न्हाई. रविवारी सगळ्यांपुढं तू बोलायचं, तुझ्या तोंडानं, जसं मला सांगितलंस तसं. मग गट काय म्हणंल ते. आणि जयवंता, मला राग हाय तुझा. तो सुईनं जाणारा न्हाई. वेळ लागंल."

"लागू दे," जयवंत म्हणाला.

तो बसूच्या मागं बसला. इतक्या वर्षांत एकमेकांची गाडी चालवली होती, पण एकमेकांच्या मागं कधी बसले नव्हते. हात कुठं ठेवायचे तेच कळेना. शेवटी बसूच्या कोटाची कड धरली. डावा हात गप्प राहिला. उजवा कोटाच्या कापडावर हलत राहिला, आणि बसूला तो पाठीवर कळत असणार. गाडी त्यानं एरवीपेक्षा हळू चालवली.

निपाणी गेली, कागल गेलं. पुढं रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतून पांढरी वाफ उठून रस्त्यावर येत होती, आणि त्या वाफेतून गाड्या जात होत्या. बसूनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. पाय टेकला. मागं न वळता त्यानं विचारलं, "वास येतोय काय रं?"

जयवंतनं हेल्मेटची काच वर केली आणि श्वास घेतला. छातीत मावेल तेवढा घेतला. वाफ दिसत होती, गरम झुळूक गालाला लागत होती. हा वास कसा असतो हे त्याला लहानपणापासून पाठ होतं, आणि येतोय म्हणायला काहीच लागत नव्हतं. चार महिन्यांत ते चांगलं जमायला लागलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच येत नाही, बसू."

बसूनं मान हलवली, हात मागं करून त्याचा उजवा हात आपल्या पोटाशी ओढून घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं गाडी सुरू केली.